हाताने फेकलेलं विमान, आणि हवेचं नशीब गुणांतून वजा करण्याची रीत

जून महिन्यात सकाळी आठला कॅलिफोर्नियातल्या पोवेच्या मैदानावर बहुधा ऊन नसतं. सॅन दिएगोच्या किनारपट्टीवर या दिवसांत समुद्राकडून आलेल्या ढगांचं छत पसरलेलं असतं. इथले लोक त्याला ‘जून ग्लूम’ म्हणतात. गवत दवाने भिजलेलं आणि हवा अशी स्तब्ध की काठीला बांधलेली रेशमासारखी पातळ फीतसुद्धा हलत नाही. त्या करड्या उजेडात माणसं जागच्या जागी एक गिरकी घेतात आणि हातातलं दीड मीटर पंखांचं विमान आकाशात भिरकावतात. सूंऽऽ असा आवाज येतो आणि मान वर करेपर्यंत ते वीसमजली इमारतीएवढं उंच गेलेलं असतं. त्याला इंजिन नाही, मोटर नाही, पंखा नाही. आत एक छोटी बॅटरी असते, पण ती फक्त रेडिओवरून आलेला हुकूम ऐकून शेपटीच्या आणि पंखांच्या झडपा हलवण्यापुरती. वर राहायचं तर ते हवेच्याच जिवावर.

‘इंटरनॅशनल हँड लाँच ग्लायडर फेस्टिव्हल’ असं या शनिवार-रविवारच्या स्पर्धेचं नाव. टोरी पाइन्स गल्स हा सॅन दिएगोचा क्लब १९९०च्या दशकापासून ती भरवत आला आहे. टोरी पाइन्स म्हणजे इथले समुद्राला लागून उभे असलेले कडे. समुद्रावरचा वारा त्या कड्यांवर आपटून वर चढतो. १९३० साली चार्ल्स लिंडबर्गने याच वाऱ्यावर ग्लायडर उडवलं होतं. इंजिनाशिवाय उडण्याचं वेड या गावाला जुनं आहे.

मी मूळचा येवल्याचा. संक्रांतीला गच्चीवर पतंगाची आसारी धरून उभं राहण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे आकाशात काही उडताना दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. हे ग्लायडर पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, ज्याचा हात दणकट तो जिंकत असणार. पुढच्या वेळी कुणीतरी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि टायमर म्हणून उभं केलं. तेव्हा कळलं की हाताचं काम पहिल्या तीन-चार सेकंदांतच संपतं. खरा पेच वेगळाच आहे. पतंगबाजीत दोघांच्या पतंगांना वारा एकच असतो. इथे मात्र एकाची पाळी सकाळच्या थिजलेल्या हवेत येते, तर दुसऱ्याची दुपारी एकला, उकळत्या हवेत. हवा कुणाच्याच ताब्यात नाही. मग या दोघांची तुलना कशी करायची? या खेळाचे जवळजवळ सगळे नियम याच प्रश्नातून जन्मले आहेत. आणि ते इतके विचारपूर्वक बांधलेले आहेत की त्यांच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

आधी फेक

या प्रकाराला ‘एफ-थ्री-के’ म्हणतात. हवाई खेळांची जागतिक संस्था एफएआय, स्थापना १९०५, तिच्या नियमपुस्तकातलं हे नाव. नियम साधे आहेत. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.५ मीटरच्या आत, वजन ६०० ग्रॅमच्या आत, आणि विमान माणसाने हातानेच फेकायचं. प्रत्यक्षात चांगली विमानं याहून खूप हलकी, अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे पाव किलो साखरेच्या पुडीएवढं वजन, दीड मीटर पंखांवर पसरलेलं.

पूर्वी हे ग्लायडर भाल्यासारखे फेकायचे. पोटाखाली बोट अडकवायचं, धावायचं आणि खांद्यावरून जोर लावायचा. खांदे कायमचे दुखावून बसत आणि उंची बेताचीच मिळे. १९९०चं दशक संपता संपता काही जणांनी विमान पंखाच्या टोकाला धरून थाळीफेकीसारखं फिरवून सोडायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच सगळा खेळ बदलून गेला. आज प्रत्येक विमानाच्या एका पंखाच्या टोकाला बोटं अडकवायची एक छोटी खुंटी असते. उडवणारा एक गिरकी घेतो आणि योग्य क्षणी बोटं सोडतो.

याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. हवेचा विरोध अजिबात धरला नाही, तरी ६० मीटर उंच जायला वस्तू ताशी १२३ किलोमीटर वेगाने सुटावी लागते. विरोध धरला तर त्याहून जास्त. गिरकीत विमानाचं अंग माणसाच्या पाठीच्या कण्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. एवढ्या छोट्या वर्तुळात एवढा वेग म्हणजे सुटण्याच्या क्षणी ते अडीचशे ग्रॅमचं विमान बोटांना सुमारे २० किलोचा ओढा देतं. पाव किलोची पुडी निमिषभर गव्हाची गोणी झाल्यासारखी! म्हणून पंखात कार्बन फायबर, शेपटीची दांडी कार्बनची, आणि उभी शेपटीसुद्धा मजबूत. कारण टोकाला धरून फेकलेलं विमान सुटल्यावर क्षणभर आडवं वळवळतं आणि तो सगळा ताण शेपटीवर येतो. कमजोर शेपटी त्याच क्षणी सुटून जाते. माझ्या पहिल्या विमानाची अशीच गेली. ते गवतात नाक खुपसून उभं राहिलं, आणि शेपटी पन्नास पावलांवर सापडली.

सुटल्यावर विमान जवळजवळ सरळ वर जातं. वेग संपत आला की उडवणारा एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी झडप, हलकेच दाबून नाक आडवं करतो. हा दाब थोडा उशिरा दिला तर वेग संपून विमान वरच लटकतं आणि गोता खातं. लवकर दिला तर दोन-तीन मीटर उंची फुकट जाते. इथून पुढे खाली येणं सुरू.

खाली येत येत वर जाणं

इथे एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. ग्लायडर सतत खालीच येत असतो. घसरगुंडीवरून घसरावं तसा तो हवेतून पुढे आणि खाली घसरतो, आणि त्या घसरण्यातूनच त्याला वेग मिळतो. शांत हवेत ६० मीटरवरून उतरायला चांगल्या विमानाला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. आता वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून कुणी सावकाश खाली उतरतंय अशी कल्पना करा. तो उतरतोच आहे, पण जिना त्याहून जोरात वर चाललाय, म्हणून लांबून पाहणाऱ्याला तो वर जाताना दिसतो. आजूबाजूची हवा सेकंदाला एक मीटर वर जात असेल तर आपलं विमान सेकंदाला अर्धा मीटर वर चढतं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये माणसाला घेऊन उडणारी ग्लायडरं विंचच्या दोराने वर ओढतात. दोर सुटल्यावर त्यांचाही हिशोब हाच.

वर जाणारी ही हवा म्हणजे थर्मल. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की बुडाशी बुडबुडे धरतात, थोडा वेळ चिकटून राहतात आणि मग एकेक सुटून वर येतात. जमिनीचं तसंच आहे. ऊन सगळीकडे सारखं पडतं, पण डांबरी पार्किंग लवकर तापतं आणि पाणी पाजलेलं गवत उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा फुगते, हलकी होते, काही वेळ जमिनीला धरून राहते. मग वाऱ्याची एखादी झुळूक, झाडांची रांग किंवा चाललेली गाडी तिला धक्का देते आणि ती उसळते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानातून फिरत जाणारी वावटळ म्हणजे धुळीमुळे डोळ्यांना दिसलेलं थर्मलच. घार पंख न हलवता गोल गोल वर जाते तीही याच जिन्यावरून. फरक एवढाच की पोवेत धूळ उडत नाही, त्यामुळे जिना दिसत नाही. तो ओळखावा लागतो.

ओळखायच्या खुणा मी ज्या माणसांकडून शिकलो ती बहुतेक निवृत्त, उन्हाने रापलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त अशी होती. पहिली खूण वारा. थर्मल वर जातं तेव्हा रिकामी झालेली जागा भरायला चहूबाजूंनी हवा तिकडे धावते. थर्मल तुमच्या मागे, वाऱ्याच्या दिशेला असेल, तर समोरून येणारा वारा अचानक वाढतो, कारण वारा आणि ती धावणारी हवा एकाच दिशेच्या. थर्मल समोर असेल तर दोन्ही एकमेकांविरुद्ध, आणि वारा पडल्यासारखा वाटतो. मैदानात ठिकठिकाणी उंच काठ्यांना पातळ फिती बांधलेल्या असतात. चारपाच फिती वेगवेगळ्या दिशांनी एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या की अनुभवी माणूस विमान फेकायला वळतो.

दुसरी खूण अंगावर येते. थर्मल निघून जाताना आसपासची थोडी थंड हवा आत शिरते, ती मानेला आणि पोटऱ्यांना जाणवते. उडवणारे हाफ पँटमध्ये येतात याचं हेही एक कारण, असं मला एकाने सांगितलं होतं. तेव्हा नीट पटलं नव्हतं, आता पटतं. तिसरी खूण पाखरं. पाकोळ्या एकाच ठिकाणी घिरट्या घालत असतील तर तिथे किडे वर गेलेले असतात, आणि किड्यांना वर नेणारी हवाच असते. ससाणा किंवा गिधाड गोल फिरत असेल तर अधिक विचार करायलाच नको.

चौथी खूण विमान स्वतः देतं, आणि ती वाचणं सगळ्यांत कठीण. सरळ जाताना डावा पंख कुणीतरी खालून बोट लावावं तसा किंचित उचलला गेला, तर जिना डावीकडे आहे. नवशिक्याचा हात लगेच विमान सरळ करतो आणि जिना हातचा जातो. जाणता माणूस उचललेल्या पंखाकडे वळतो. तेव्हा त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं तर तो हललेला सुद्धा कळत नाही.

सापडलं म्हणजे संपलं असंही नाही. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातं. वारा सेकंदाला चार मीटर असेल तर दोन मिनिटांत ते ४८० मीटर दूर गेलेलं असतं. तेवढ्यावर दीड मीटरचं विमान म्हणजे आकाशावर पेन्सिलीने ओढलेली बारीक रेघ. तिथून वाऱ्याविरुद्ध परत यायचं आणि आखलेल्या मैदानातच उतरायचं. मैदानाबाहेर उतरलं तर त्या उड्डाणाला शून्य. जिना सोडायचा कधी, हे ठरवणं मला तो शोधण्याहून अवघड वाटतं.

आता न्यायाचा प्रश्न

मैदान एक, दिवस दोन, स्पर्धक अनेक. सगळ्यांना एकाच वेळी उडवायला देता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत स्पर्धकांचे गट पाडतात. गटात किमान पाच जण, अनेकदा दहा-बारा. गटाला एकच कामाचा वेळ मिळतो, बहुतेकदा दहा मिनिटं. भोंगा वाजला की सुरू, पुन्हा वाजला की बंद. त्यानंतर हवेत असलेलं विमान उतरवायला ३० सेकंद. म्हणजे गटातल्या सगळ्यांना त्या दहा मिनिटांची तीच हवा.

मग गुण. गटात ज्याचे सेकंद सर्वांत जास्त त्याला १००० गुण. बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. समजा सकाळच्या मुर्दाड हवेत गटातल्या पहिल्याच्या उड्डाणांची बेरीज ४१२ सेकंद झाली आणि तुमची ३९१. तुम्हाला ९४९ गुण. दुपारच्या जिवंत हवेत दुसऱ्या गटात सर्वोत्तम ५९० आणि तिथल्या एकाचे ५६०. त्यालाही ९४९. कागदावर त्याने तुमच्यापेक्षा जवळजवळ तीन मिनिटं जास्त उडवलं, पण ती तीन मिनिटं हवेची होती, त्याची नव्हती. नियमाने ती काढून टाकली.

ज्यांच्या घरात सीईटी देणारं मूल आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखाद्या सत्राचा पेपर सोपा तर एखाद्याचा कठीण, म्हणून प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १०० पर्सेंटाइल धरून बाकीच्यांची जागा ठरते. तत्त्व तेच, की आपल्या सत्रातल्या मुलांशीच आपली तुलना. फरक असा की पर्सेंटाइल किती जण मागे आहेत हे मोजतं, आणि इथे पहिल्याच्या किती जवळ आहात हे मोजतात. मला इथली रीत जास्त आवडते. दोन सेकंदांनी हरलेला आणि दोन मिनिटांनी हरलेला यांत ती भेद करते.

तरीही एक फट उरते. गटात एखादा अव्वल माणूस असेल तर बाकीच्यांचं प्रमाण घसरतं. त्यावर उपाय म्हणजे दर फेरीला गट नव्याने पाडायचे, म्हणजे कसलेल्या खेळाडूशी गाठ प्रत्येकाचीच कधी ना कधी पडते. आणि ठरावीक फेऱ्या झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट फेरी वगळतात. एकदा विमान तुटलं किंवा एकदा हवेने पाठ फिरवली, तर दोन्ही दिवसांची मेहनत त्यात बुडू नये म्हणून.

गट पाडणं पूर्वी आणखी अवघड होतं. अमेरिकेत हे रेडिओ ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालत आणि एका चॅनेलवर एका वेळी एकच जण असू शके. दोघांनी एकच चॅनेल लावला तर दोन्ही विमानं बेवारस. म्हणून प्रत्येक चॅनेलचा एक चिमटा फळ्यावर लावलेला असे. तो चिमटा हातात असल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, असा दंडक. गट पाडणाऱ्याला स्पर्धक आणि चॅनेल दोन्ही जुळवत बसावं लागे. २.४ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ आले, ते आपापली जागा आपणच राखतात, आणि ही कटकट मिटली. जुने लोक मात्र अजूनही विमान चालू करण्याआधी एकदा इकडेतिकडे बघतात.

दर फेरीचं कोडं वेगळं

फक्त ‘जास्तीत जास्त वेळ उडवा’ एवढंच सांगितलं असतं तर खेळ लवकर कंटाळवाणा झाला असता. म्हणून प्रत्येक फेरीला वेगळं काम दिलेलं असतं.

मला सर्वांत सुंदर वाटतं ते एक-दोन-तीन-चार मिनिटांचं. दहा मिनिटांच्या वेळात चार उड्डाणं मोजायची, उद्दिष्टं एक, दोन, तीन आणि चार मिनिटं, क्रम आपल्या मर्जीचा. बेरीज करून पाहा : बरोबर दहा मिनिटं. म्हणजे विमान झेलायला आणि पुन्हा फेकायला वेळच ठेवलेला नाही! जो सेकंद विमान हातात, तो सेकंद गेला. म्हणून इथले पट्टीचे खेळाडू विमान जमिनीवर उतरवतच नाहीत. ते कंबरेच्या उंचीवर येतं, हात पंखाचं टोक पकडतो, त्याच झोकात गिरकी आणि विमान पुन्हा वर. पाहणाऱ्याला पकडलं कधी आणि सोडलं कधी हे कळत नाही. आणि क्रमाचा जुगार वेगळाच. सुरुवातीला चांगलं थर्मल दिसतंय, तर चार मिनिटांचं आत्ताच उरकावं? की आत्ता एक मिनिटाचं करून आणखी चांगल्या हवेची वाट पाहावी? उद्दिष्टापेक्षा जास्त उडवलेले सेकंद वाया जातात, त्यामुळे हवा कितीही छान असली तरी वेळेवर खाली यावंच लागतं. हात आखडता घेणं जमत नाही तो इथे मागे पडतो.

‘पोकर’ नावाचं काम आहे. त्यात फेकण्याआधी स्पर्धक आपल्या टायमरला आकडा सांगतो, समजा ‘दोन मिनिटं’. तेवढं किंवा अधिक उडवलं तर तेवढेच सेकंद मिळतात. एक सेकंद कमी पडला तर काहीच नाही, तोच आकडा पुन्हा गाठायचा. आकडे मोजकेच सांगता येतात. हवेबद्दल आपला अंदाज किती खरा, हे इतक्या उघडपणे विचारणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

‘लास्ट फ्लाइट’मध्ये फक्त शेवटचं उड्डाण धरतात, कमाल पाच मिनिटं. पुन्हा फेकलंत की आधीचं पुसलं गेलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं उड्डाण हातात असताना पुन्हा फेकावं की नाही, हे ठरवताना भल्याभल्यांचा हात थरथरताना मी पाहिलाय. आणि ‘ऑल अप’मध्ये भोंगा वाजल्यावर तीन सेकंदांत सगळ्यांनी एकदमच फेकायचं असतं. त्यात वाट बघायची सोय नाही, कुणाच्या विमानाला काय सापडतंय ते पाहून मागाहून निघायची चैन नाही. कमाल तीन मिनिटं.

टायमरबद्दल सांगायलाच हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात ही व्यवस्था येत नाही. या स्पर्धांमध्ये वेळ मोजायला बहुधा वेगळे पंच नसतात. ज्यांचा गट हवेत नाही ते स्पर्धकच दुसऱ्यांची वेळ मोजतात. म्हणजे तुमचा प्रतिस्पर्धी तुमचं घड्याळ धरून उभा असतो. आणि तो नुसती वेळ मोजत नाही. ‘डावीकडे दोघं वर चाललेत’, ‘मागे वारा वळला’, ‘अजून चाळीस सेकंद’ असं तुमच्या कानाशी बोलत राहतो. उडवणाऱ्याला विमानावरून नजर हलवता येत नाही, म्हणून टायमर त्याचे दुसरे डोळे होतात. तासाभराने पाळी उलटते. मी अनेक शनिवार-रविवार हे काम केलं आहे, आणि माझ्या ओळखीत कुणीही कधी घड्याळ एका सेकंदानेसुद्धा ओढलेलं नाही. मला या खेळात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

ज्यांना हाताने फेकणं झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरे प्रकार आहेत. ‘एफ-फाइव्ह-जे’मध्ये चार मीटरपर्यंत पंखांचं ग्लायडर असतं आणि त्याला मोटर असते, पण ती सुरुवातीला एकदाच, फार तर ३० सेकंद चालवायची. विमानात उंची नोंदवणारं छोटं यंत्र बसवलेलं असतं. मोटर बंद केल्यावर १० सेकंदांपर्यंत जी सर्वाधिक उंची गाठली तिच्या दर मीटरला अर्धा गुण कापतात, आणि २०० मीटरच्या वर दर मीटरला तीन. मिळवायचं काय, तर दहा मिनिटांच्या वेळात दर सेकंदाला एक गुण आणि खुणेपासून एक मीटरच्या आत उतरलं तर आणखी ५०. हवेवर विश्वास असेल तर ५० मीटरवरच मोटर बंद करा, २५ गुण देऊन मोकळे. भीती वाटत असेल तर १८० मीटरवर जा आणि ९० द्या. स्वतःच्या धिटाईची किंमत मीटरमध्ये मोजणारं हे यंत्र मला फार हुशारीचं वाटतं. तिसरा ‘एफ-थ्री-एफ’ डोंगराच्या धारेवर होतो. १०० मीटरचं अंतर दहा वेळा कापायचं, घड्याळाशी शर्यत. ती वेगाची गंमत, तिच्याबद्दल पुन्हा कधी.

अकरा-बाराच्या सुमारास पोवेत ढगांचं छत विरू लागतं आणि मैदान एकदम जागं होतं. सकाळी दोन मिनिटांना तरसणारी विमानं आता ठिपका होईपर्यंत चढतात. मग दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. विमानांच्या पोटात धातूच्या छोट्या कांड्या भरून वजन वाढवलं जातं, कारण हलकं विमान वाऱ्यात अडकून पडतं. एकाच दिवसात तीन प्रकारची हवा, आणि प्रत्येकीसाठी हात वेगळा लागतो. रविवारी वरचे मोजके खेळाडू अंतिम फेऱ्यांना राहतात. तिथे आधीचे गुण धरत नाहीत, आणि ते सगळे एकाच गटात असतात. नियमांचा सगळा खटाटोप ज्यासाठी होता ती स्थिती तिथे आपोआप येते : हवा एक, वेळ एक.

एकदा आमच्या भागातल्या एका छोट्या स्पर्धेत मी सत्तरीतल्या एका गृहस्थांचा टायमर होतो. काम ऑल अपचं, शेवटचं उड्डाण. भोंगा वाजला, सगळ्यांनी फेकलं. मैदानाच्या टोकाला एक ससाणा गोल फिरत होता आणि सगळी विमानं तिकडे वळली. मीही म्हणालो, ‘ससाणा, उजवीकडे, मागे.’ ते म्हणाले, ‘दिसला. पण तो मैदान सोडून चाललाय, आणि त्याला परत यायचं नाहीये.’ त्यांनी विमान उलट, वाऱ्याच्या तोंडाकडे वळवलं. तिथे काहीच नव्हतं, निदान मला तरी दिसत नव्हतं. विमान खाली येत राहिलं, तीस मीटर, वीस. समोरची फीत लोंबली. वारा पडला. तेवढ्यात डावा पंख उचलला गेला.

ते वळले. एक फेरा, दुसरा, आणि विमान तिथल्या तिथे तरंगू लागलं, मग वर. मागे गेलेल्यांपैकी तिघं मैदानाबाहेर उतरले, बाकीचे वाऱ्याविरुद्ध परतताना आधीच टेकले. मी वेळ सांगत होतो : एक वीस, दोन, दोन चाळीस. तीन मिनिटांना त्यांनी झडपा खाली टाकल्या, विमान सरळ त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते पंखाच्या टोकाशी अलगद झेललं. मी कागदावर १८० लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेतलं. पुढच्या गटात पाळी माझी होती.